वैकुंठातून परतीची वाट : 'ख्रिस्तपुराण' आणि लिंगोचे गीत

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चा उल्लेख मराठी वाङ्मयेतिहासात नेमाने होतो, तो त्यातील मराठीच्या गौरवासाठी. त्या मोजक्या ओव्या पाठ्यपुस्तकांत येतात, त्यांवर टीप विचारली जाते आणि ग्रंथ मिटतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडील विद्यार्थ्यांना ही टीप प्रस्तुत लेखकानेही वर्षानुवर्षे सांगितली आहे. वस्तुतः १६१६ मध्ये साष्टीतील राचोल येथे रोमन लिपीत छापलेला, ९५ अवस्वरूंचा आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ भाषास्तुतीसाठी रचलेला नाही. माणूस मरतो का, या प्रश्नावर तो उभा आहे. आदिमानवाने आज्ञा मोडली म्हणून मरण आले. आणि त्याआधी काही देवदूतांनी ती मोडली होती म्हणून त्याला भुलवणारा कोणी अस्तित्वात होता. या गाभ्याकडे आपल्या समीक्षेने फारसे पाहिलेले नाही.

देवदूतांच्या बंडाची अशी सलग कथा 'उत्पत्ती'च्या पुस्तकात नाही, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. तेथील सर्प हा केवळ धूर्त प्राणी आहे. यशयाच्या चौदाव्या अध्यायातील पतन पावलेला प्रभाततारा हा मुळात बाबेलच्या राजाला उद्देशून आहे. प्रकटीकरणातील स्वर्गीय युद्ध, यहूदा व पेत्र यांच्या पत्रांतील अंधारात जखडलेले दूत हे सारे विखुरलेले उल्लेख. परंपरेने ते जोडले. स्टीफन्स ही जोडलेली कथा आरंभीच, सृष्टिरचनेच्या क्रमात घेतात. मिल्टनच्या महाकाव्याच्या ५१ वर्षे आधी मराठी ओवीत लुसिफेराचे पतन सांगून झाले होते! पुराण या वाङ्मयप्रकाराला सर्ग-प्रतिसर्गाची जी ओढ असते ती येथे ख्रिस्ती आशयाला अनायासे उपयोगी पडली.

परंतु प्रकार उसना घेतला की त्याच्या स्मृतीही पाठोपाठ येतात. स्टीफन्स स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द योजतात. वैकुंठातून ढकलले गेलेले सेवक म्हटल्यावर मराठी श्रोत्याला जय-विजय आठवणार. सनकादिकांचा अपराध केला, शाप मिळाला, तीन जन्म वैराचे झाले आणि दोघे परत दारपाळ झाले. वैर हीदेखील परतीची वाट असते, ही पुराणांची धारणा. स्टीफन्स यांच्या वैकुंठातून पडलेल्यांना परतीची वाट नाही. एकच शब्द, पण त्याच्या दाराची बिजागरी दुसऱ्या बाजूला बसविलेली. हा ताण समन्वय, देशीकरण वगैरे गुळगुळीत संज्ञांनी झाकला जातो, असे मला वाटते.

दुसरा शब्द 'देवचार'. गोव्याच्या लोकमानसात देवचार हा गावसीमेचा राखणदार. घोंगडी पांघरून, हाती दांडा घेऊन तो रात्री फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोहोचवतो. त्याला रोट द्यावा लागतो. 'ख्रिस्तपुराणा'त आणि नंतरच्या ख्रिस्ती कोंकणीत देवचार म्हणजे सैतान, बंडखोर दूत. येथे भाषांतराने आशय पोहोचविला नाही. एका गावाच्या राखणदाराला दुसऱ्या कथेतला गुन्हेगार केले. स्टीफन्स गोव्यात आले १५७९ मध्ये. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले आणि पुढे गावच्या प्रमुखांना बोलावून ठार करण्यात आले. देवळे पाडली गेलेल्या प्रदेशात आज्ञाभंगाचे आख्यान कोणत्या कानांनी ऐकले गेले असेल? कवीची भक्ती खरी आहे, याविषयी मला शंका नाही. प्रश्न शब्दांच्या सत्तेचा आहे.

हा प्रश्न मला सुचला तो मात्र गोव्यामुळे नव्हे. वर्गात लुसिफेराचे पतन समजावून देत असता एका विद्यार्थ्याने विचारले होते, "सर, हाकलून दिलेल्यांची वैकुंठात मागं कोणाला आठवण आली नाही का?" त्याच्या मनात लिंगोचे गीत होते, हे मला फार उशिरा उमगले.

नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपून ठेवलेले हे गोंडी गीत, त्यांच्या निधनानंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केले. (फोर्सिथ यांनी पुढे त्याला लाँगफेलोच्या 'हायवाथा'चा छंद चढविला, तो प्रकार न वाचला तरी चालेल.) या गीतात गोंडांच्या दुर्गंधीने महादेव कोपतो आणि त्यांना गुहेत कोंडून तोंडाशी शिळा लावतो. धवळगिरी सुना होतो. आणि पार्वतीला तो वास येईनासा होतो म्हणून ती कष्टी होते, तप मांडते. त्यातून लिंगो जन्मतो. खोट्या आळाने भाऊच त्याला मारतात. अमृताने तो उठतो, झोप लागली होती असे समजतो, आणि कोंडलेल्यांच्या शोधात निघतो.

पेत्राच्या पहिल्या पत्रात ख्रिस्त बंदिवासातील आत्म्यांना घोषणा करतो. ते आत्मे नोहाच्या काळी अवज्ञा केलेले. कोंडलेले अवज्ञाकारी आणि मरून उठलेला मुक्तिदाता : साम्य इतके ठळक की दोन्ही एकाच आदिबंधाची रूपे म्हणून मोकळे होण्याचा मोह पडतो. तो टाळावा. हिस्लॉप यांची संहिताही निर्भेळ नाही. महादेव, नारायण तीत आहेतच. निर्णायक भेद निवेदनाच्या स्थानाचा आहे. पत्रात बंदिवान 'ते' आहेत, गीतात 'आपण'. गाणारा प्रधान ज्यांच्यासमोर गातो तेच एकेकाळी आत होते. त्यामुळे अपराधाचे वर्णनही हसत होते, न्हाणेधुणे न करणाऱ्या पोरांविषयी बोलावे तसे. मोतीरावण कंगाली यांनी मांडलेल्या कथेत तर अपराध म्हणजे निव्वळ खोड्या. कचारगडच्या गुहेतील ३३ पोरे हिरासुका पाटालीरच्या वाद्यसंगीताने सुटतात आणि शिळा सरकविणारा तोच तिच्याखाली चिरडला जातो. पौलाच्या रोमकरांस पत्रात मरण हे आज्ञाभंगातून जगात येते. येथे मरण सुटकेच्या खर्चात धरलेले आहे. आज्ञा मोडणारे जगतात, दगड ढकलणारा मरतो.

भामरागड-एटापल्लीच्या माडिया गावांबाहेर मृतांसाठी उभे केलेले दगड आहेत. तेथे मेलेला माणूस शिक्षा भोगायला जात नाही, पूर्वजांत जातो, आणि त्यांचा मान ठेवावा लागतो. मराठी बायबलात 'अशुद्ध आत्मा' आणि 'भूत' हे शब्द जवळजवळ एकाच अर्थाने येतात. गोंडीत देवशक्तीला 'पेन' म्हणतात. या पेनला मराठीत आणताना आपण सवर्ण मराठी लेखकही कधी 'देव' लिहितो, कधी 'भूत', आणि निवड कशावरून केली हे सांगत नाही. देवचाराचे जे झाले ते करायला मिशनरीच लागतो असे नाही.

आता मी वर्गात भाषास्तुतीच्या ओव्यांनंतर थांबत नाही. पतनाचा भाग वाचतो, मग पार्वतीच्या तपाचा. दुसऱ्या भागाला गोंडी जाणणारी मुले मला दुरुस्त करतात. त्यांच्या गावचा लिंगो हिस्लॉपच्या लिंगोशी नेहमी जुळतोच असे नाही.