झडती आणि झूल : पोळ्याच्या दृश्यकलेविषयी

मराठीतील लोकसाहित्याच्या अभ्यासाने पोळ्याची दोन शकले केली आहेत. पोळ्यात म्हटल्या जाणाऱ्या झडत्या ‘लोकवाङ्मय’ या सदरात जमा झाल्या आणि झडती ज्या बैलामागे उभे राहून म्हटली जाते, त्या रंगवलेल्या, शृंगारलेल्या बैलाची वासलात ‘सजावट’ या शब्दाने लावण्यात आली. दुर्गा भागवतांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ने (१९५६) या अभ्यासाला शास्त्रीय बैठक दिली. परंतु विद्याशाखेच्या नावातच ‘साहित्य’ असल्यामुळे जे लिहून घेता येते तेवढेच टिकवण्यासारखे, असा एक अध्याहृत निकष पुढील संकलनांत रूढ झाला. या निकषाने नेमके काय निसटते, हे पाहण्यासाठी यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा उमरखेड परिसर उपयोगी ठरावा. पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड आणि पलीकडे, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत, हैदराबाद राज्य अशी येथील सीमा होती. कापूस, सोयाबीन आणि ऊस पिकवणारा, बंजारा तांड्यांचा व आदिवासी वस्त्यांचा हा टापू आहे. येथे श्रावण अमावास्येचा दिवस शेतकऱ्याच्या वर्षातील सर्वांत मोठा सार्वजनिक देखावा असतो.

या देखाव्याची घडण पाहण्यासारखी आहे. आदल्या दिवशी हळद आणि तुपाने बैलाची खांदमळणी होते. म्हणजे वर्षभर जेथे जू टेकले त्याच घट्ट्यापासून कलाकृतीचा आरंभ होतो. पोळ्याच्या दिवशी न्हाऊन आलेल्या बैलाच्या शिंगांना रंग आणि बेगड, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगुरमाळा, पाठीवर झूल आणि झुलीबाहेर उरलेल्या अंगावर गेरूचे ठिपके किंवा हाताचे ठसे असा साज चढतो. अशा जोड्या आखरावर तोरणाखाली रांगेने उभ्या राहतात. मग महादेव-पार्वतीचे नाव घेऊन झडत्या सुरू होतात. सावकार, सरकार, शेतमालाचा भाव, गावातला कारभारी यांपैकी कोणीही त्यातून सुटत नाही. एकाने टोला हाणायचा आणि दुसऱ्याने त्याला तोडीस तोड उत्तर द्यायचे, अशी ही जुगलबंदी चालते. तोरण तुटले की बैल घरोघर जातात. दारी त्यांची पूजा होते, त्यांना पुरणपोळीचा घास मिळतो आणि त्यांना घेऊन येणाऱ्याच्या हातावर बोजारा पडतो.

या क्रमातून झडती वेगळी काढून छापली की ती एक चुरचुरीत पद्यरचना उरते. तिचे बळ मात्र उभे राहण्याच्या जागेत असते. कर्जाविषयी बोलणारा माणूस त्या क्षणी उत्सवमूर्तीच्या शेजारी उभा असतो. बेगडाचा झगमगाट समोर असतो आणि नापिकीची गोष्ट कानांवर पडत असते. दृश्य वैभव सांगते, शब्द अभाव सांगतो. या विसंवादातूनच झडतीचा उपरोध जन्मतो. चित्र वगळले की उपरोध विझतो. शब्द वगळला की उरते ती केवळ हौस. म्हणून झडती आणि झूल या दोन कला नसून एकाच संहितेची दोन अंगे आहेत, असे मानणे क्रमप्राप्त आहे.

वारली चित्रकलेच्या इतिहासाशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणींनी लिहावयाचा चौक १९७० नंतरच्या वर्षांत कागदावर आला. भास्कर कुलकर्णी यांनी तेथे कागद व रंग नेले आणि त्यातून जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांच्यासारखा स्वतंत्र प्रतिभेचा चित्रकार जगापुढे आला. २०११ मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली. हा लाभ निःसंशय मोठा आहे. पण त्याबरोबर चित्र प्रसंगापासून सुटले आणि स्त्रियांच्या विधीतून पुरुषांच्या व्यवसायाकडे सरकले. पोळ्याच्या बैलाला असे स्थलांतर शक्य नाही. त्याचा फलक चालतो, श्वास घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागतो. गेल्या काही दशकांत कलावंताने समूहाकडे जाऊन त्यांच्यासह काम करण्याचे प्रकल्प उभे राहिले. नवजोत अल्ताफ यांचे बस्तरमधील कोंडागाव येथील काम हे त्याचे महत्त्वाचे उदाहरण होय. तेथे समूह कलेत सहभागी होतो. आखरावर समूहाला सहभागाचे निमंत्रण कोणी देत नाही; प्रसंग त्याचाच असतो.

परंतु ‘समूह’ हा शब्द येथे भाबडेपणाने वापरता येणार नाही. बैल रंगवणारा हात पुष्कळदा सालगड्याचा असतो. तोरणाखालचा मान मालकाचा असतो. पूजा आणि नैवेद्य स्त्रियांकडे, पण झडतीचा आखर परंपरेने पुरुषांचा. ज्याच्याकडे बैलच नाही त्याला या प्रदर्शनात जागा प्रेक्षकाची. म्हणजे पोळा समूहाची एकात्मता दाखवतो त्याच वेळी तिच्यातील उतरंडही दाखवतो. सामूहिक कलेचा कर्ता कोण, या प्रश्नाचे उत्तर ‘सर्व गाव’ असे देणे ही समीक्षेची पळवाट होय.

या पार्श्वभूमीवर अलीकडचा एक बदल विशेष विचारार्ह ठरतो. शब्द आता बैलाच्या अंगावर उतरला आहे. कर्जमाफी, हमीभाव, ओला दुष्काळ यांविषयीच्या मागण्या रंगाने थेट कातडीवर लिहिल्या जातात. उमरखेडला लागून असलेल्या महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवनयात्रा संपवली. ज्या प्रदेशात ती घटना शेतकरी आत्महत्यांच्या अलीकडच्या इतिहासाचा आरंभबिंदू मानली जाते, तेथे उत्सवाच्या देहावर मागणी लिहिली जाणे स्वाभाविकच म्हणावे लागेल. मात्र या लेखनाचे मोल एकसारखे नाही. २०२२ च्या पोळ्यात राज्यात काही ठिकाणी बैलांच्या अंगावर ‘पन्नास खोके’ ही राजकीय घोषणा झळकली. विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी दिलेली घोषणा थोड्याच दिवसांत गोठ्यापर्यंत पोहोचली. ही चपळाई लक्षणीय असली तरी तो शब्द उसना होता. झडतीला समोरचा झडतीनेच उत्तर देतो. अंगावरील घोषणेला उत्तर देता येत नाही. तिचा श्रोता आखरावर नसून छायाचित्रातून पाहणारा दूरचा वाचक आहे. गावाला ऐकवण्यासाठी झडती होती, जगाला दाखवण्यासाठी घोषणा आली.

तेव्हा निकष असा मांडता येईल : अक्षरे जेव्हा ठिपके, ठसे आणि झूल यांच्या रचनेत आपली जागा शोधतात आणि साजाशी विसंवाद साधून बोलतात, तेव्हा ती झडतीचाच वारसा चालवतात. जेव्हा ती साज पुसून केवळ फलक होतात, तेव्हा बैलाची भिंत होते आणि संहिता एकसुरी बनते. मागणी न्याय्य असल्याने कृती आपोआप श्रेष्ठ ठरत नाही, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे.

ट्रॅक्टरमुळे दावणीची जनावरे कमी होत आहेत. त्याबरोबर या कलेचा फलकच आक्रसत आहे. अशा वेळी झडत्यांची आणखी एक वही भरवणे अपुरे ठरेल. कोणती झडती कोणत्या जोडीमागे उभे राहून, कोणी, कोणाला उद्देशून म्हटली, बैल कोणी रंगवला आणि मान कोणी घेतला, एवढे तरी तिच्यासोबत नोंदवले गेले पाहिजे. तसे झाल्यास लोकसाहित्याच्या अभ्यासाला आपल्या नावातील ‘साहित्य’ या शब्दाची मर्यादा ओलांडता येईल.