साठीचा सत्कार आणि भूतकाळी क्रियापद

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी संयोजकांना विचारलं म्हणे, की हे आरोग्यावरचं व्याख्यान आहे का, गुडघ्यांबद्दल काही सांगणार का. तर नाही. आम्ही भाषा-साहित्याची माणसं, गुडघ्यांची माहिती आम्हाला आमच्यापुरतीच आहे. आज बोलायचंय ते एका लेखनप्रकाराबद्दल. वाङ्मयाच्या इतिहासात त्याला प्रकरण नाही, पण मराठीत तो सतत लिहिला जातो. साठी, एकसष्टी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन या निमित्तांनी निघणारे गौरवग्रंथ, मानपत्रं, सत्काराची भाषणं, ‘सर : एक आठवण’ छापाचे लेख. आमचं म्हणणं असं की आपला समाज म्हातारपणाबद्दल काय समजतो, हे कथा-कादंबऱ्यांपेक्षा या लेखनात जास्त उघडं पडतं, कारण इथं लिहिणारा सावध नसतो.

आधी आमचीच चूक सांगतो. आमच्या एका गुरुजींची पंचाहत्तरी झाली तेव्हा आम्ही काही विद्यार्थ्यांनी मिळून एक जाडजूड गौरवग्रंथ काढला. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं यथासांग झालं. आठवड्याभराने भेटायला गेलो तर ग्रंथ टेबलावर उघडा आणि पानोपानी पेन्सिलीची वर्तुळं. वाटलं, मुद्रणदोष काढलेत. पाहिलं तर वर्तुळं सगळी क्रियापदांभोवती. ‘होते’, ‘असत’, ‘करीत’, ‘सांगत’. सर म्हणाले, “अरे, मी शिकवत होतो हे बरोबर. पण ‘सरांना मिसळ आवडत असे’ हे काय लिहिलंस? मागच्याच महिन्यात खाल्ली ना आपण?”

ते वाक्य आमचंच होतं.

हसून सोडून द्यावं अशी ती गोष्ट वाटली तेव्हा. पुढे असे बरेच ग्रंथ वाचले, काहींत लिहिलंही, आणि लक्षात आलं की हा एका लेखकाचा निष्काळजीपणा नाही, या प्रकाराचं व्याकरणच तसं आहे. समोर खुर्चीत बसलेल्या, चहा पिणाऱ्या माणसाबद्दल आपण रीती भूतकाळ वापरतो. मृत्युलेखाचा मसुदा आधीच तयार करून त्याला शाल पांघरतो, असं कोणी म्हटलं तर आम्ही नाकारणार नाही.

हे कुठून आलं? साठीची मूळ कल्पना अशी नव्हती. आपल्या पंचांगात संवत्सरांची साठ नावं आहेत, प्रभवपासून क्षयपर्यंत, आणि मग पुन्हा प्रभव. शके १८८७ चं नाव विश्वावसु होतं, साठ वर्षांनी शके १९४७ ला तेच नाव परत आलं. म्हणजे साठी पुरी झाली की माणूस आपल्या जन्मसंवत्सरात परत येतो. उग्ररथ शांतीच्या विधीवर कोणाची श्रद्धा असो-नसो, त्यामागची आकृती वर्तुळाची आहे, पाटी पुसून पुन्हा पहिल्यापासून. सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेबही सुंदर आहे. दोन पौर्णिमांमधलं अंतर सुमारे साडेएकोणतीस दिवस, तेव्हा हजार पौर्णिमांना ८० वर्षं आणि साधारण १० महिने लागतात. (कोकणातल्या माणसानं आषाढ-श्रावणातल्या ढगाळ पौर्णिमा वजा करायच्या का, हा प्रश्न आम्हाला एका श्रोत्यानं विचारला होता. उत्तर अजून द्यायचंय.)

या मोजणीवर नंतर दुसरी मोजणी चढली. रौप्य, सुवर्ण, हीरक हे महोत्सव. हे शब्द आपल्याकडे रुजले त्यामागे राणीच्या राज्यारोहणाचे सोहळे होते. १८८७ साली सुवर्ण, १८९७ साली हीरक. पुण्याला हीरक महोत्सव विसरता येणार नाही, त्याच २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. तर हे महोत्सव राज्यकारभाराचे, पुढे संस्थांचे आणि कंपन्यांचे. संस्थेचा महोत्सव करताना आपण अहवाल वाचतो, स्थापनेपासून आजवर काय काय झालं याचा. आता माणसाच्या पंचाहत्तरीलाही अमृतमहोत्सव म्हणतो आणि त्याचाही अहवालच वाचतो. संस्था निदान पुढच्या वर्षीचे संकल्प तरी जाहीर करते!

आणि हे आकडे तरी खरे कुठे? महाराष्ट्रात १ जून हा जन्मदिवस असलेली माणसं किती आहेत, आपापल्या घरात पाहा. शाळेत नाव घालताना आई-बापाला तारीख सांगता आली नाही की मास्तर १ जून लिहीत. राज्य सरकारात बहुतेकांची निवृत्ती ५८ व्या वर्षी, आणि एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मे या दिवशी कचेऱ्याकचेऱ्यांतून हार-तुऱ्यांची रांग लागते. एका मास्तरानं सोयीसाठी लिहिलेली तारीख, आणि तिच्यावर एका माणसाचं ‘आता आराम करा’ ठरतं. एसटीत पंचाहत्तरी पार केलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे, योजनेच्या नावात ‘अमृत’ आहेच. जिचा जन्म ‘पानशेत फुटलं त्याच्या आधी की काय’ असाच सांगितला जातो, त्या आजीला हे अमृत कंडक्टरला आधार कार्ड दाखवून सिद्ध करावं लागतं. तिची एकसष्टी कोणी केलेली नसते. एकसष्टी नवऱ्याची, ती शेजारच्या पाटावर.

आता नाटकाकडे येऊ. मराठी म्हातारा म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो ‘नटसम्राट’मधला गणपतराव बेलवलकर. डिसेंबर १९७० मध्ये शिरवाडकरांचं हे नाटक रंगभूमीवर आलं, आणि तेव्हापासून आपण त्याचं एकच तात्पर्य काढत आलो आहोत : जिवंतपणी इस्टेट मुलांच्या नावे करू नये. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या बाकावर, वकिलाच्या ऑफिसात. एवढ्या मोठ्या शोकांतिकेचं आपण मृत्युपत्राविषयीचं मार्गदर्शन करून टाकलं.

आमचं वाचन जरा वेगळं आहे. नाटक सुरू होतं ते सत्कारानं, हे आपण विसरतो. अप्पासाहेबांची चूक पुढे मुलांच्या घरी उघड होते, पण घडते ती त्या सत्काराच्या वेळी. टाळ्या, हार, निरोप या सगळ्यावर ते विश्वास ठेवतात. आपलं काम संपलं असं ठरवतात आणि मग घर, पैसा, जागा सगळं वाटून टाकतात. काम संपलंच, तर जागा हवी कशाला? इस्टेट देणं हा त्या समजुतीचा परिणाम आहे, कारण नव्हे. आणि नाटक ही समजूत खोटी ठरवतं. घर सुटतं, मुलीकडे चोरीचा आळ येतो, कावेरी जाते, सगळं जातं, आणि काम तेवढं जात नाही. बूटपॉलिश करणाऱ्या राजाच्या सोबतीत, फुटपाथवर, त्या माणसाच्या तोंडून भूमिका बाहेर पडतच राहतात. किंग लिअरशी तुलना आपण नेहमी करतो, पण लिअरच्या हातून राज्य जातं. बेलवलकरांचं राज्य त्यांच्या गळ्यात होतं. ते कोणाला देताच येण्यासारखं नव्हतं.

इथं एक अडचणीची गोष्टही नोंदवू. ही भूमिका पहिल्यांदा उभी करणारे डॉ. श्रीराम लागू तेव्हा ४३ वर्षांचे होते. आपल्या मनातला सर्वांत मोठा मराठी म्हातारा हा चाळिशीतल्या नटाचा आवाज आहे. खऱ्या सत्तरीला तो दम क्वचित असतो. आपल्याला म्हातारपण आवडतं ते असं, गर्जना करणारं किंवा ‘संध्याछाया’तल्या नाना-नानींसारखं केविलवाणं. मधलं, रोजचं, थोडं कंटाळवाणं आणि थोडं कामसू म्हातारपण आपल्या रंगभूमीवर फार कमी दिसतं.

यावर कोणी म्हणेल, महर्षी कर्वे आहेत की. आहेतच. १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं तेव्हा अण्णा ५८ वर्षांचे होते, म्हणजे आजच्या हिशेबानं निवृत्तीच्या उंबरठ्यावर. सत्तरी ओलांडल्यावर परदेश दौरा केला. १९५८ मध्ये शंभरीला भारतरत्न मिळालं, आणि त्यानंतरही चार वर्षं जगले. पण हा दाखला भिंतीवरच्या सुविचारासारखा वापरायला आम्ही तयार नाही. वसंत कानेटकरांनी ‘हिमालयाची सावली’ या नाटकात याच आयुष्याच्या प्रेरणेनं नानासाहेब भानू उभे केले, आणि नाव दिलं ते सावलीला, बयोला. एका माणसाला वय विसरून काम करता यावं म्हणून घरात कोण वय मोजत बसलं होतं, हे त्या नाटकानं विचारलं. आमच्या मते ‘नटसम्राट’पेक्षा हा प्रश्न अधिक कठीण आहे, आणि म्हणूनच ते नाटक आपण सत्काराच्या भाषणांत कमी वापरतो.

शिवाय सगळ्यांनाच काम चालू ठेवायचं नसतं. चाळीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग फिरवलेल्या माणसाला ‘अजून कार्यरत राहा’ म्हणणं हा आगाऊपणा आहे. त्याला ३१ मे हवाहवासा असतो. आमची तक्रार विश्रांतीबद्दल नाही. तक्रार आहे ती समोरच्याला न विचारता त्याचं क्रियापद बदलण्याबद्दल.

आमच्या सरांकडे परत येतो. पंचाहत्तरीच्या सुमारास ते शेतीच्या अवजारांचे आणि बैलाच्या साजाचे बोलीतले शब्द गोळा करत होते. चिठ्ठीवर एक शब्द, अशा चिठ्ठ्यांच्या बुटाच्या खोक्यांतून रांगा. आमच्या त्या जाडजूड ग्रंथात एकाही लेखात या चिठ्ठ्यांचा उल्लेख नाही. सगळे लेख त्यांच्या जुन्या पुस्तकांवर, वर्गातल्या आठवणींवर, मिसळीवर. त्यानंतर सर नऊ वर्षं जगले. आम्ही दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन जायचो, तब्येत विचारायचो. “सर, त्या शब्दांचं कुठवर आलं?” हे विचारलं नाही. वाटायचं, कशाला त्रास द्यायचा या वयात.

आता ती खोकी आमच्याकडे आहेत. घरच्यांनी दिली. बऱ्याच चिठ्ठ्यांवर अर्थ आहे, कुठून मिळाला तेही आहे. पण जवळजवळ तिसरा हिस्सा असा आहे, की वर नुसता शब्द आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं एक खूण. कुठे फुली, कुठे त्रिकोण, कुठे दोन टिंबं. ती खूण गावाची आहे, सांगणाऱ्या माणसाची आहे, की सरांच्या शंकेची, हे आम्हाला लावता आलेलं नाही. श्रोत्यांपैकी कोणाला औताच्या, मोटेच्या, गाडीच्या सुट्या भागांची जुनी नावं माहीत असतील, किंवा ज्यांना माहीत आहेत अशी माणसं घरात असतील, तर व्याख्यान संपल्यावर थांबा. एक खोकं आज बरोबर आणलं आहे.