प्रीती, प्रेम आणि माया

योहानकृत शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायावर आपल्या मंडळ्यांत वारंवार ऐकू येणाऱ्या एका उपदेशाचा येथे विचार करावयाचा आहे. प्रभूने पेत्राला दोनदा 'अगापाओ' या क्रियापदाने विचारले, पेत्राने 'फिलेओ'ने उत्तर दिले, आणि तिसऱ्या वेळी प्रभू त्याच्या पायरीवर उतरला, असे सांगितले जाते. इंग्रजीत दोहोंस 'लव्ह' हा एकच शब्द. मराठीत मात्र 'प्रीती' व 'प्रेम' असा भेद राखलेला आढळतो. त्यावरून प्रीती ती दैवी व प्रेम ते मानवी, असा सिद्धान्त उभा राहतो. सी. एस. लुइस यांच्या १९६० सालच्या 'द फोर लव्ह्ज' या ग्रंथाचाही त्यास आधार दिला जातो.

आम्हांस हा सिद्धान्त टिकणारा वाटत नाही. पित्याला पुत्र प्रिय आहे हे सांगताना योहानानेच 'फिलेओ' वापरले आहे (५:२०). उलट, माणसांना अंधार प्रिय वाटला (योहान ३:१९), देमासाला जग प्रिय वाटले (२ तीमथ्य ४:१०), तेथे 'अगापाओ' आहे. ग्रीक जुन्या करारात अम्नोनाच्या वासनेलाही (२ शमुवेल १३) तेच क्रियापद आहे. इंग्रजीचेही तसेच. १६११ च्या भाषांतरात कलस्सै ३:२ मध्ये 'अफेक्शन' वरील गोष्टींकडे लावावयाचे आहे, तर ३:५ मध्ये त्याच शब्दाने सांगितलेली अनावर ओढ जिवे मारावयाची आहे. भावना पवित्र की अपवित्र, हे शब्दावरून नव्हे, तर ती कोणाकडे वळते व काय करविते यावरून ठरते.

सीमाभागातील उपदेशकाला याची जाणीव अधिक हवी. भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद येथे मराठी व कन्नड भाषिक शेजारी-शेजारी राहतात. कन्नड श्रोत्याला 'प्रीति' हा घरातला, रोजचा शब्द आहे. आईची ती प्रीति आणि तरुण-तरुणींचीही प्रीतिच. मराठी श्रोत्याला मात्र 'प्रीती' पुस्तकी वाटते. घरात तो 'माया' म्हणतो. 'देवाची माया' ऐकून मराठी आजीचे डोळे भरून येतील. कन्नड शेजाऱ्याला त्यात भ्रम ऐकू येईल. प्रीती वरची आणि प्रेम खालचे, ही उतरंड तेथे एका वाक्यात कोसळते.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. इंग्रजी 'अटॅचमेंट'साठी सरसकट 'आसक्ती' म्हणून तिचा निषेध केला, तर लेकराचा लळा असलेली माता स्वतःला दोषी समजू लागते. पौल मात्र रोमकरांस पत्रात अशा मायेचा अभाव पापांच्या यादीत घालतो (१:३१) आणि मंडळीने एकमेकांस घरच्यांसारखा जिव्हाळा लावावा असे सांगतो (१२:१०).

म्हणून पाळकांस व धर्मशिक्षकांस आमची विनंती अशी, की शब्दांची शिडी मांडू नये. आपल्या श्रोत्यांच्या घरी कोणता शब्द कसा वापरतात, ते आधी विचारावे. प्रभूने पेत्राचा शब्द तपासला नाही. तिन्ही वेळा त्याने त्याच्या हाती मेंढरे सोपविली.