दोन रंग म्हणजे दोन गट?

कन्या तारकासमूहात दिसणारी एम८७ ही महाकाय लंबवर्तुळाकार दीर्घिका. आपल्या आकाशगंगेत बंदिस्त तारकागुच्छ दीडशेच्या आसपास; एम८७ भोवती दहा हजारांहून जास्त. त्यांच्या रंगांचा हिस्टोग्राम काढला की दोन उंचवटे दिसतात, निळा आणि लाल. लाल म्हणजे जड मूलद्रव्यं जास्त, म्हणजे गुच्छांचे दोन गट, म्हणजे दीर्घिका दोन टप्प्यांत घडली. ही साखळी इतकी सरळ वाटते की पहिल्या वर्षी मीही ती तशीच स्लाइडवर टाकली होती.

म्हणून यून, यी आणि ली यांचा ‘सायन्स’मधला २००६ चा पेपर जरूर वाचा. ते मोजमापांवर शंका घेत नाहीत, रंगावरून धातुता काढण्याच्या पायरीवर घेतात. धातुता कमी होत गेली की एका टप्प्यावर गुच्छातले हीलियम जाळणारे म्हातारे तारे झपाट्याने उष्ण आणि निळे होतात. त्यामुळे त्या मधल्या पट्ट्यात धातुता जराशी बदलली तरी रंग खूप बदलतो. मधल्या रंगांत गुच्छ विरळ पसरतात आणि खड्डा दिसतो. धातुतेत एकच उंचवटा असला तरी!

युक्तिवाद सुंदर आहे, पण तो सगळीकडे पुरत नाही. आकाशगंगेतल्या गुच्छांची धातुता रंगावरून काढलेली नाही, तरी झिन यांना १९८५ मध्ये तिथे दोन गट दिसले. एनजीसी ३११५ मध्येही ब्रोडी आणि सहकाऱ्यांना २०१२ मध्ये वर्णपटातल्या कॅल्शियमच्या रेषांवरून दोन उंचवटे मिळाले. अर्थात ती भिंगाकार दीर्घिका आहे. तिचा निकाल थेट एम८७ ला लावू नका. एम८७ मध्ये लाल गुच्छ केंद्राजवळ दाटलेले आणि निळे दूरवर पसरलेले आहेत, हा पुरावाही निर्णायक नाही, कारण बाहेर जाताना धातुता हळूहळू घटत गेली तरी असंच दिसेल.

मग पेपर चुकला का? माझ्या मते नाही. दोन गट नाहीतच, हे त्याने सिद्ध केलं नाही. पण नुसत्या रंगावरून ते सिद्ध होत नाहीत, हे पक्कं दाखवलं.

तुमच्या विषयातही अशी एखादी पायरी असेलच. सॉफ्टवेअरला दोन वक्र बसवायला सांगितले तर ते दोन बसवून देतंच. आलेख बघताना आधी विचारा: यातलं मोजलेलं किती आणि मानलेलं किती?