‘शोध’ या शब्दाची तीन रूपे : एका औषधसंशोधकाच्या चरित्राच्या निमित्ताने

शास्त्रज्ञांची चरित्रे मराठीत पुष्कळ लिहिली गेली. त्यांच्या भाषेची चिकित्सा मात्र क्वचितच झाली. मराठीत ‘शोध’ या एकाच नामाशी तीन क्रियापदे जोडली जातात. ‘त्याने शोध घेतला’ यात श्रम कर्त्याचे असतात, फल अनिश्चित असते. ‘त्याला शोध लागला’ यात माणूस चतुर्थीत जातो आणि गोष्ट आपण होऊन त्याच्यापुढे येते. ‘त्याने शोध लावला’ या प्रयोगात सारे कर्तृत्व एका व्यक्तीच्या पदरात पडते. आपले चरित्रलेखन बहुधा या तिसऱ्या रूपावर संतुष्ट असते. ते किती अपुरे आहे, हे अल्झायमर रोगावरील डोनेपेझिल या औषधाचे जनक मानले जाणारे जपानी रसायनज्ञ हाचिरो सुगिमोटो यांच्या उदाहरणावरून दाखविण्याचा येथे विचार आहे.

सुगिमोटोंची कथा सामान्यतः अशी सांगतात : तांत्रिक विद्यालयातील शिक्षणानंतर १९६१ साली ते एझाई या औषधकंपनीत लागले; पुढे रात्रीच्या वर्गांत शिकले; आईला स्मृतिभ्रंश झाला, ती मुलाला ओळखीना; त्या दुःखातून औषध जन्मास आले. यातील तपशील खोटे नाहीत. परंतु आईच्या दुःखापासून औषधापर्यंत जी सरळ रेघ ओढली जाते, तिच्यामुळे संशोधनाचे खरे स्वरूप झाकले जाते. या रोगात मेंदूतील ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक द्रव्य घटते. त्याचे विघटन करणाऱ्या विकरास आवर घातल्यास लाभ व्हावा, या अनुमानावर १९८० नंतरच्या दशकात काम सुरू झाले. प्रथम टॅक्रीनच्या जातीची संयुगे घेतली. ती विषारीपणामुळे सोडावी लागली. येथवर ‘शोध घेतला’. पुढे रक्तवाहिन्या कठीण होण्याच्या विकारासाठी बनविलेल्या एका संयुगाने प्राण्यांत अनपेक्षित परिणाम दाखविला. हा ‘शोध लागला’. त्या धाग्यावरून शेकडो संयुगे रचून पारखली गेली, तीही अनेकांच्या हातांनी. १९९६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत औषधास मान्यता मिळाली. ‘लावला’ हे क्रियापद या सर्वांच्या शेवटी येते, आणि त्याचा कर्ता न्यायाने अनेकवचनी हवा.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. हे औषध रोग थांबवीत नाही; काही काळ लक्षणे सौम्य करते. ही सौम्यता मोजली कशाने? अमेरिकेतील चाचण्यांत १९८४ साली प्रसिद्ध झालेली सत्तर गुणांची एक कसोटी वापरली गेली. शब्द आठवणे, वस्तूंची व हाताच्या बोटांची नावे सांगणे, सूचना समजणे, हे तिचे घटक होत. चोवीस आठवड्यांनंतर औषध घेणारे व न घेणारे यांत सरासरी अडीच-तीन गुणांचे अंतर दिसले. म्हणजे रसायनशास्त्रज्ञाच्या कारकिर्दीचा निकाल अखेर भाषिक उत्तरांवर लागला. चरित्रकार येथे मौन पाळतात. भाषाभ्यासकाने ते पाळू नये.

अशी कसोटी अमरावती-अकोल्याकडील निरक्षर शेतकऱ्यापुढे शब्दशः भाषांतरून ठेवली तर काय होईल? अंगठा व करंगळी तो सांगेल. ‘तर्जनी’ व ‘अनामिका’ हे ग्रांथिक शब्द त्याच्या बोलीत नाहीत, म्हणून त्याचे गुण जातील. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. ‘डोया’ हे उत्तर अनभिज्ञ परीक्षक चूक ठरवील. ‘मले’ हे चतुर्थीचे रूप त्यास भाषेचा ऱ्हास वाटेल. अशाने निरोगी माणूस रोगी ठरेल. उलटपक्षी, ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीच्या आधाराने घरची मंडळी खऱ्या रोग्यास वृद्धापकाळाचा धर्म म्हणून सोडून देतील. दोन्ही प्रमाद शब्दांतूनच उद्भवतात.

हा प्रश्न असाध्य नाही. हरियाणातील बल्लभगढ भागातील निरक्षर हिंदी भाषकांसाठी एका इंग्रजी कसोटीचे रूपांतर १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्यात केवळ भाषांतर न करता श्रोत्यांच्या जीवनाशी जुळतील असे प्रश्न योजले होते. वऱ्हाडीतील परिचित शब्दांची वयोमान व शिक्षण यांनुसार वारंवारता नोंदविणे, बोलीतील ग्राह्य पर्यायांची यादी करणे, ही कामे वैद्यकाची नसून आपली आहेत. ती झाली तरच या भागातील रोग्यास कोणतेही नवे औषध खरोखर लागू पडते किंवा नाही, हे सांगता येईल. ‘शोध लावला’ असे लिहिणाऱ्या चरित्रकारानेही, तो कोणाच्या भाषेत पारखला गेला, हे विचारले पाहिजे.