प्रतिज्ञा आणि सोबत : ‘एकच प्याला’ व ‘मुक्तांगणची गोष्ट’

मराठी वाङ्मयात व्यसनाधीन माणसाच्या चित्रणाचा विचार सुरू झाला की राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’चे स्मरण प्रथम होते. गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. त्यास आता शतक उलटून गेले. तरी तळीराम हे नाव मराठी भाषेत विशेषनाम राहिलेले नाही, ते सामान्यनाम झाले आहे. एखाद्या नाट्यकृतीने भाषेवर उमटविलेला असा ठसा विरळाच. परंतु या नाटकाने भाषेला जसे एक नाव दिले, तशी समाजाला एक समजूतही दिली : पहिला प्याला घेतला की पुढचा मार्ग एकच आणि त्याचा शेवटही एकच. ही समजूत नाटकातून खरोखरच निष्पन्न होते काय, हा प्रश्न येथे विचारावयाचा आहे. त्यासाठी डॉ. अनिल अवचट यांचे ‘मुक्तांगणची गोष्ट’ हे पुस्तक शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल.

सुधाकराच्या अधःपाताची वाट परिचित आहे. मुन्सफाशी उडालेल्या खटक्यातून त्याची सनद काही काळापुरती रद्द होते. दुखावलेल्या अभिमानाच्या त्या क्षणी तळीराम प्याला पुढे करतो. येथपर्यंत नाटक स्वभावदोषाचे आहे असे म्हणता येईल. परंतु पुढे एक प्रसंग असा येतो की त्याचा पुरेसा विचार झालेला दिसत नाही. सुधाकर पश्चात्तापाने मद्य सोडण्याची प्रतिज्ञा करतो आणि कामधंदा मागण्यासाठी जुन्या, प्रतिष्ठित ओळखीच्या मंडळींकडे जातो. तेथे त्याच्या वाट्याला अवहेलना येते. तो परततो तो पुन्हा मद्याकडेच. आणि या वेळी मागे न वळण्याच्या निश्चयाने.

हा प्रसंग साधारणतः अटळ विनाशाच्या साखळीतील एक दुवा म्हणून वाचला जातो. प्रतिज्ञा मोडली, कारण मद्यप्याची प्रतिज्ञा मोडावयाचीच असते, असा त्याचा अर्थ लावण्यात येतो. माझ्या मते नाटकाची संहिता याहून वेगळे सांगते. प्रतिज्ञा मोडते ती प्याला समोर आल्यामुळे नव्हे, दारे बंद झाल्यामुळे. सुधाकराजवळ निश्चय होता. निश्चय टिकविण्यास लागणारी जागा नव्हती. प्यालेल्या सुधाकराला सोबत देण्यास एक मंडळ सिद्ध आहे. ‘आर्य मदिरा मंडळ’ कितीही हास्यास्पद असले, तरी तेथे त्याला नाव आहे, आसन आहे. न प्यालेल्या सुधाकराला मात्र कोणतेच मंडळ नाही. तळीरामाच्या आजारपणात डॉक्टर आणि वैद्य यांची जुंपते, तेथे औषधोपचाराचे तर प्रहसनच होते. म्हणजे नाटकाच्या जगात उपाय दोनच : कुचकामी औषध आणि एकाकी प्रतिज्ञा. तिसरा उपाय नाटककाराने दाखविला नाही. परंतु त्याची उणीव ज्या ठिकाणी भासते, ते ठिकाण अचूक दाखविले.

‘मुक्तांगणची गोष्ट’ या पुस्तकाचा आरंभ नेमका याच रिकाम्या जागी होतो. गर्दच्या व्यसनाविषयी अवचटांनी लिहिलेले लेख वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात, येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात, मुक्तांगण उभे राहिले. त्याची सूत्रे मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांच्याकडे होती. तेथील उपचाराचा गाभा औषध हा नाही. ठरावीक दिनक्रम, श्रम, योगासने, समूहात मोकळेपणाने बोलणे, आणि पूर्वी स्वतः व्यसनात असलेल्या माणसाने नव्याने आलेल्याचा हात धरणे, हा तो गाभा होय. सुधाकराला जे दार मिळाले नाही, ते येथे संस्थेच्या रूपाने उघडलेले दिसते.

या ठिकाणी एका गैरसमजाचे निवारण करणे अवश्य आहे. औषधाविना व्यसनमुक्ती या शब्दांचा अर्थ वैद्यकाविना व्यसनमुक्ती असा करणे घातक होय. दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्याने ते एकाएकी थांबविल्यास कंप, झटके, भ्रम असे विकार उद्भवू शकतात आणि प्रसंगी प्राणावरही बेतते; ते दिवस वैद्यकीय देखरेखीखाली व औषधांच्या साहाय्यानेच काढावे लागतात. अफूवर्गीय पदार्थांच्या बाबतीत तर दीर्घकालीन औषधयोजनेने मृत्यूचे प्रमाण घटते, हे आज सिद्ध झालेले आहे. तेव्हा औषध नाकारणे हे तत्त्व होऊ शकत नाही. खरे तत्त्व एवढेच की, शरीर सावरल्यानंतर माणसाने कोणाच्या सोबतीने जगावयाचे, या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या बाटलीत सापडत नाही.

प्रतिज्ञेच्या स्वरूपातही फरक पडला आहे. सुधाकराची प्रतिज्ञा जन्माची. म्हणून ती एकदा मोडली की सारेच मोडले. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या चळवळीने संकल्पाची मुदत एका दिवसावर आणली, आणि व्यसनमुक्ती केंद्रांनी ते सूत्र उचलले. आजच्यापुरता संकल्प मोडला, तर उद्या तो पुन्हा करता येतो. शोकान्तिकेला अशी पुनरावृत्ती परवडत नाही. तिला उतरण सरळ हवी असते. सत्य आणि नाट्यरूप यांचा हा विरोध लक्षात न घेता आपण नाट्यरूपालाच सत्य मानीत आलो.

सिंधूच्या बाबतीत हे अधिकच जाणवते. माहेरची मदत नाकारून ती दळण दळते, आणि नवऱ्याच्या हातून झालेला घात मरतानाही लपविते. बालगंधर्वांच्या गायनाने या सहनशीलतेला जे सौंदर्य प्राप्त झाले, त्याने प्रेक्षकांची विचारशक्ती काही काळ स्तिमित केली असल्यास नवल नाही. मुक्तांगणात व्यसनाधीनांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. तेथे एकमेकींजवळ बोलणे हाच उपचाराचा भाग आहे. सिंधूचे मौन जेथे पातिव्रत्याची परिसीमा ठरले, तेथे आज ते आजाराचे एक लक्षण ठरते. हा केवळ काळाचा फरक नव्हे; तो दृष्टीचा फरक आहे.

तथापि अवचटांच्या पुस्तकाला दोषमुक्त म्हणता येणार नाही. त्यांची साधी, गप्पांच्या ओघाची शैली वाचकाला विश्वासात घेते. परंतु त्या ओघात संस्थेचे आप्त असलेल्या लेखकाची परखडता कोठे कोठे मंदावते. शिवाय मुक्तीची कथा सांगावयास मुक्त झालेलाच उरतो. जो परत आला नाही त्याची कथा अशा लेखनप्रकारात स्वभावतःच दुर्बल राहते. ती उणीव गडकरी भरून काढतात. न वाचलेल्या माणसाला त्यांनी वाणी दिली आणि तीही तेजस्वी. म्हणून या दोन कृती एकमेकींना खोडीत नाहीत. एकीने विचारलेल्या प्रश्नाला दुसरी अपुरे का होईना, उत्तर देते.

‘एकच प्याला’ हे शीर्षक आपण आजवर इशारा म्हणून शिकविले. त्याचा दुसरा अर्थ व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाला ठाऊक असतो : नाकारावयाचा असतो तोही एकच प्याला, आजचा पहिला. तो त्याने नाकारावा अशी अपेक्षा बाळगणाऱ्या समाजाने, तो कामाची याचना करीत दाराशी आला असता काय केले, हा प्रश्न गडकऱ्यांनी विचारून ठेवला आहे. वर्गात हे नाटक शिकविताना त्या प्रश्नापाशी थोडे थांबावयास हवे.