संहितेमागचा माणूस : ऐतिहासिक येशूचा शोध आणि अस्सलतेचे निकष

१

'ऐतिहासिक येशूचा शोध' या नावाने ओळखली जाणारी संशोधनपरंपरा सुमारे अडीचशे वर्षांची आहे. तिचा विचार सामान्यतः इतिहास किंवा ईश्वरविद्या यांच्या कक्षेत केला जातो. परंतु या परंपरेतील अभ्यासक प्रत्यक्षात काय करतात हे पाहिले, तर त्यांचा बहुतेक व्यवहार वाङ्मयीन समीक्षेचा आहे असे दिसून येते. एखादे वचन वक्त्याचे की संपादकाचे, एखादा प्रसंग स्मृतीतून आलेला की रचलेला, दोन पाठांपैकी आधीचा कोणता, हे प्रश्न संहितेच्या चिकित्सेचे प्रश्न आहेत. म्हणूनच या शोधाचे यशापयश तपासताना त्याने गृहीत धरलेली वाङ्मयविषयक भूमिका तपासणे अपरिहार्य ठरते.

संहितेबाहेरचा पुरावा अल्प आहे. यहुदी इतिहासकार जोसेफस याने इ. स. ९३च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथात येशूचा दोन ठिकाणी उल्लेख येतो. त्यांपैकी मोठ्या उल्लेखात पुढील ख्रिस्ती लेखनिकांनी भर घातली आहे, याबद्दल अभ्यासकांत बव्हंशी एकमत आहे. दुसऱ्या, याकोबाला येशूचा भाऊ म्हणणाऱ्या त्रोटक उल्लेखाबद्दल फारसा संशय घेतला जात नाही. रोमन इतिहासकार टॅसिटस दुसऱ्या शतकाच्या आरंभी, पिलाताच्या कारकिर्दीत ख्रिस्ताला देहान्त शिक्षा झाल्याची नोंद करतो. एवढ्यावरून गालीलातील एक यहुदी उपदेशक होऊन गेला आणि रोमन सत्तेने त्याला ठार केले, हे मान्य करता येते. आणि बहुसंख्य अभ्यासक ते मान्य करतात. मात्र 'तो होता काय' या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याने 'तो कोण होता' या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ते मार्क, मत्तय, लूक आणि योहान यांच्या शुभवर्तमानांतच शोधावे लागते. आणि ही शुभवर्तमाने ग्रीक भाषेत, घटनांनंतर सुमारे चाळीस ते सत्तर वर्षांनी, श्रद्धेच्या प्रयोजनाने लिहिलेली कथने आहेत.

२

हाम्बुर्ग येथील पौर्वात्य भाषांचे प्राध्यापक हेर्मान राइमारुस यांनी आपले हस्तलिखित हयातीत प्रसिद्ध केले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर लेसिंग या नाटककार-समीक्षकाने त्याचे काही भाग १७७४ ते १७७८ या काळात निनावी प्रसिद्ध केले. येशूचा स्वतःचा हेतू आणि शिष्यांनी त्याला चिकटवलेला हेतू यांत राइमारुस यांनी भेद केला. संहिता जे सांगते त्याच्या आड जे घडले ते वेगळे आहे, ही 'आड'ची कल्पना येथे प्रथम ठामपणे मांडली गेली आणि पुढील सर्व शोध याच कल्पनेवर उभा राहिला.

दाविद श्ट्राउस यांच्या १८३५-३६ मधील द्विखंडात्मक येशूचरित्राने या मांडणीला वेगळे वळण दिले. शुभवर्तमानातील चमत्कार खरे मानणारे आणि त्यांची नैसर्गिक कारणे सांगणारे, असे दोन्ही पक्ष त्यांनी नाकारले. ही कथने म्हणजे समूहाच्या धार्मिक कल्पनाशक्तीने नकळत घडवलेली मिथके होत, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यापायी त्यांना ट्यूबिंगेनमधील अध्यापनाचे काम गमवावे लागले. या ग्रंथाचे १८४६ मधील इंग्रजी भाषांतर पुढे जॉर्ज एलियट म्हणून ख्यात झालेल्या कादंबरीकर्तीने केले. एर्नेस्ट रेनाँ यांचे १८६३चे चरित्र तर कादंबरीच्या शिल्पातच घडलेले आहे : गालीलचा रम्य निसर्ग, कोमल मनाचा नायक, यरुशलेमची रुक्षता आणि त्या रुक्षतेतून अटळपणे येणारा शोकान्त. चरित्रनायकाच्या अंतरंगाची क्रमशः होणारी वाढ दाखवणे ही एकोणिसाव्या शतकातील कादंबरीची अपेक्षा होती; शुभवर्तमानांत ती वाढ कोठेही सांगितलेली नाही. ती चरित्रकारांनी बाहेरून आणली.

मार्काचे शुभवर्तमान सर्वांत आधीचे, म्हणून सर्वांत विश्वसनीय, हा या चरित्रांचा मोठा आधार होता. 'आधीचे म्हणजे अकृत्रिम' हे समीकरण १९०१ मध्ये विल्यम व्रेडे यांनी मोडले. मार्काचा येशू आपली ओळख वारंवार गुप्त ठेवण्यास सांगतो; ही गुप्तता इतिहासातील नसून कथनाची एक योजना आहे, असे त्यांनी दाखवले. पाच वर्षांनी, १९०६ मध्ये, आल्बर्ट श्वाइट्सर यांनी राइमारुसपासून व्रेडेपर्यंतच्या शोधाचा आढावा घेतला आणि प्रत्येक पिढीने येशूच्या चेहऱ्यात स्वतःचाच चेहरा पाहिला, असा निष्कर्ष काढला. खुद्द श्वाइट्सर यांचा येशू जगाचा अंत समीप मानणारा आणि त्यांच्या काळाला पूर्णपणे परका असा होता. १९१९ मध्ये कार्ल लुडविग श्मिट यांनी मार्कातील कालक्रम आणि स्थलनिर्देश संपादकीय असल्याचे सिद्ध करून चरित्राचा सांगाडाच काढून घेतला. उरले ते सुटे प्रसंग आणि सुटी वचने.

३

सांगाडा गेल्यावर सुट्या घटकांची पारख करणारे निकष आवश्यक झाले. एर्न्स्ट केझेमान यांनी १९५३ मध्ये मारबुर्गच्या माजी विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाने शोधाला पुन्हा चालना मिळाली. ज्या वचनाची उपपत्ती तत्कालीन यहुदी परंपरेतून लावता येत नाही आणि आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीच्या गरजांतूनही लावता येत नाही, ते येशूचे मानण्यास सबळ आधार आहे, असे सूत्र त्यांनी मांडले. हा 'वेगळेपणाचा निकष' पुढील काही दशके प्रमाण मानला गेला.

ऐतिहासिक शिस्तीचा वाटणारा हा निकष वस्तुतः कर्तृत्वविषयक एक वाङ्मयीन सिद्धान्त आहे. परंपरेपासून जे तुटलेले तेच कर्त्याचे, बाकीचे उसने. हा प्रतिभेचा स्वच्छंदतावादी सिद्धान्त होय. पूर्वसूरी नसलेला आणि अनुयायांनी न समजलेला असा एकाकी प्रतिभावंत त्यातून आपोआप निर्माण होतो, कारण निकषानेच त्याचे पूर्वसूरी आणि अनुयायी वजा केलेले असतात. कवीच्या कृतीतील सर्वांत वैयक्तिक भागांतही पूर्वकवी बोलत असू शकतात, हा विचार टी. एस. एलियट यांनी १९१९ मध्येच मांडला होता. वाङ्मयसमीक्षेने जी धारणा प्रश्नांकित केली होती, तीच चौतीस वर्षांनी इतिहाससंशोधनाचे साधन म्हणून प्रतिष्ठित झाली, ही बाब विचारात घेण्यासारखी आहे.

या धारणेचे परिणाम केवळ पद्धतीपुरते राहत नाहीत. येशूमधून यहुदीपण वजा करण्याची प्रवृत्ती जुनी आहे. रेनाँ यांच्या लेखनात ती आहेच. १९३९ मध्ये आयझेनाख येथे, जर्मन धार्मिक जीवनातून यहुदी प्रभाव नाहीसा करण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेत तिने उघड वांशिक रूप धारण केले. या संस्थेतील वाल्टर ग्रुंडमान यांनी येशू यहुदी नसल्याचे विद्वत्तेच्या परिभाषेत प्रतिपादन केले. केझेमान यांची भूमिका याच्या नेमकी उलट होती. नाझी काळात त्यांनी राजवटीला विरोध करणाऱ्या ख्रिस्ती गटाची बाजू घेतली आणि तुरुंगवासही भोगला. इतिहासाशी नाते तुटलेला ख्रिस्त कोणत्याही विचारसरणीच्या हाती सोपवता येतो, ही त्यांची चिंता रास्त होती. तरीही त्यांच्या निकषाची रचना अशी होती की, यहुदी येशू त्या चाळणीतून आधीच गळून पडत असे. अभ्यासकाचा सद्हेतू त्याच्या साधनातील गृहीतकाला निष्प्रभ करू शकत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

गेझा वेर्मेश यांनी १९७३ मध्ये येशूला गालीलातील धर्मनिष्ठ यहुदी सत्पुरुषांच्या मालिकेत ठेवले, ई. पी. सँडर्स यांनी १९८५ मध्ये वचनांऐवजी मंदिरातील कृतीपासून आरंभ केला. निकषाचा प्रश्न त्यामुळे संपला नाही. त्याच वर्षी रॉबर्ट फंक यांच्या पुढाकाराने अमेरिकेत सुरू झालेल्या 'जीझस सेमिनार'मध्ये प्रत्येक वचनावर रंगीत मण्यांनी मतदान होई : तांबडा मणी अस्सलतेचा, गुलाबी संभाव्यतेचा, राखाडी संशयाचा, काळा नकाराचा. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात सुमारे १८ टक्के वचनांना पहिले दोन रंग लाभले. या पद्धतीची चेष्टा पुष्कळ झाली. परंतु एकेकटा अभ्यासक आपल्या अभिरुचीने जे मनात ठरवतो, तेच येथे उघडपणे मोजले गेले, हे टीकाकारांनी फारसे लक्षात घेतले नाही.

४

दुसरा प्रसिद्ध निकष 'अडचणीचा' : जे सांगणे मंडळीला अडचणीचे होते ते तिने रचले असण्याचा संभव कमी. त्याची शक्ती आणि मर्यादा दोन प्रसंगांच्या तुलनेतून स्पष्ट होतात.

पहिला प्रसंग येशूच्या बाप्तिस्म्याचा. योहान पापक्षमेसाठी बाप्तिस्मा देत होता आणि येशूने यार्देन नदीत त्याच्याकडून तो घेतला, असे मार्क कोणतेही स्पष्टीकरण न देता सांगतो. मत्तय त्यात एक संवाद घालतो. त्यात योहान स्वतःच संकोचतो आणि येशू त्याची समजूत काढतो. लूक योहानाच्या बंदिवासाची वार्ता आधी देतो व बाप्तिस्म्याचा उल्लेख नंतर, कोणी दिला हे न सांगता, एका उपवाक्यात उरकतो. योहानाचे शुभवर्तमान बाप्तिस्म्याचे वर्णनच गाळते. तेथे उरते ती केवळ साक्ष. येथे अडचण अभ्यासकाच्या कल्पनेतली नाही. ती पाठांमधील फरकांत, डागडुजीच्या खुणांत वाचता येते. आणि तिची दिशाही एकच आहे. ज्याची डागडुजी करावी लागली, ते आधीपासून सर्वपरिचित होते हा निष्कर्ष या फरकांवर टिकतो.

दुसरा प्रसंग वधस्तंभावरील आक्रोशाचा. मार्कात येशूचे अखेरचे शब्द देवाने आपल्याला टाकल्याचे सांगतात. इतके अडचणीचे शब्द कोण रचील, असे म्हणून ते अस्सल मानले जातात. परंतु हे शब्द बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचे आहेत. शिवाय त्याआधीच्या कथनात शिपाई चिठ्ठ्या टाकून वस्त्रे वाटतात, ते त्याच स्तोत्राच्या अठराव्या ओवीतील. येणारेजाणारे माना डोलावून निंदा करतात, ते सातव्या ओवीतील. म्हणजे मार्काचे कथन स्तोत्र उलट्या क्रमाने, अखेरीकडून आरंभाकडे, वाचीत जाते आणि आक्रोशाशी येऊन थांबते. ही रचना आहे, आणि समर्थ रचना आहे. स्तोत्र विलापात सुरू होऊन विश्वासात संपते हे जाणणाऱ्या श्रोत्याला हे शब्द अडचणीचे वाटलेच असतील, असे म्हणता येत नाही. लुकाने ते काढून एकतिसाव्या स्तोत्राचे शांत शब्द घातले, यावरून लुकाची अडचण कळते. मार्काची नव्हे, आणि मरणाऱ्या माणसाचे शब्द तर नव्हेच.

तथापि येथे सर्व काही स्तोत्रातूनच निपजले, असाही निर्णय देता येत नाही. वधस्तंभ स्तोत्रात नाही. अपमानकारक मृत्यूचा अर्थ लावण्यासाठी मंडळीने स्तोत्राकडे धाव घेतली, ती मृत्यू घडला होता म्हणून. घटनेने संहिता मागितली आणि संहितेने घटनेला रूप दिले. रूप सोलून काढल्यास आत शुद्ध घटना सापडेल ही अपेक्षा व्यर्थ आहे, आणि घटनेवाचून हे रूप उभेच राहिले नसते, हेही तितकेच खरे आहे.

५

शोधाच्या या कोंडीवर वाङ्मयसमीक्षकांनी दिलेले उत्तर असे, की संहितेमागे जाऊच नये. एरिक आउअरबाख यांनी १९४६ मधील आपल्या ग्रंथात पेत्राच्या नकाराचा प्रसंग वाचून, एका कोळ्याची मानसिक उलथापालथ इतक्या गंभीर शैलीत मांडणे अभिजात शैलीविचाराला अशक्य होते, हे दाखवले. हान्स फ्राय यांनी १९७४ मध्ये, संदर्भाच्या हव्यासापायी कथनाचा कथन म्हणून होणारा अर्थबोध झाकोळला, अशी तक्रार नोंदवली. फ्रँक करमोड यांनी १९७९ मध्ये मार्काची अपारदर्शकता हाच आपल्या विवेचनाचा विषय केला : येशूच्या अटकेच्या वेळी अंगावरचे वस्त्र टाकून नग्न पळणारा तो अनाम तरुण कोण, याचे उत्तर संहिता देत नाही आणि वाचकाला तर उत्तर हवेच असते.

या वाचनांनी शुभवर्तमानांना त्यांचे वाङ्मयीन सामर्थ्य परत मिळवून दिले. परंतु संदर्भाचा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला, सोडवला नाही. ही कथने स्वतःच आपल्याबाहेर बोट दाखवतात. त्यांनी नाव घेतलेला पिलात १९६१ मध्ये कैसरिया येथे सापडलेल्या शिलालेखातही आहे. सत्तेने केलेल्या एका वधाची कथा निव्वळ संहिता म्हणून वाचणे, ही राजकीयदृष्ट्याही निष्पाप भूमिका नव्हे. अलीकडे डेल अॅलिसन (२०१०) यांनी सुट्या वचनांऐवजी स्मृतीत वारंवार उमटणाऱ्या आकृतिबंधांवर भर दिला, आणि ख्रिस कीथ व अँथनी ल डॉन यांनी संपादित केलेल्या २०१२ मधील लेखसंग्रहात अस्सलतेच्या निकषांचाच त्याग सुचवला गेला. स्मृती अर्थ लावल्याशिवाय टिकत नाही. म्हणून अर्थनिर्णयन वजा केलेली स्मृती मिळणार नाही, हा या पक्षाचा युक्तिवाद वरील वाचनाशी जुळणारा आहे.

मराठी अभ्यासकाला हा वाद अपरिचित वाटू नये. फादर स्टीफन्स यांनी गोव्यात रचलेल्या आणि १६१६ मध्ये छापल्या गेलेल्या 'क्रिस्तपुराणा'त चार शुभवर्तमानांची एकच सलग कथा होते. राइमारुसपूर्व काळातील वाचनपद्धतीचा तो मराठीतील साक्षीदार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारद्वाजांनी ग्रंथ आणि अभंग यांतील भाषा व विठ्ठलभक्ती यांच्या भेदावरून दोन ज्ञानेश्वर कल्पिले, तेव्हा कर्ता एकसंध असतो हेच गृहीत तेथे काम करीत होते. 'हा अभंग तुकारामांचा वाटत नाही' असे म्हणून प्रक्षेप ठरवतानाही, वाटण्याच्या मागे तुकारामांची एक पूर्वरचित प्रतिमा असतेच. संतांच्या नावावर पिढ्यान्पिढ्या भर पडत गेलेल्या वाङ्मयाचा विचार करताना, कर्ता वेगळा काढण्याचा अट्टाहास आणि कर्त्याचा संपूर्ण नकार, या दोन्ही टोकांची किंमत ऐतिहासिक येशूच्या शोधावरून जोखता येते.

या शोधाने एक निश्चित चरित्र दिले नाही, म्हणून तो निष्फळ ठरत नाही. निकष हा पुराव्याइतकाच तपासणीचा विषय असतो, हे त्याने सिद्ध केले. जेथे पाठापाठांतील फरक साक्ष देतात तेथे इतिहासाबद्दल बोलता येते. जेथे केवळ अभ्यासकाची अभिरुची साक्ष देते तेथे निर्णय राखून ठेवावा लागतो. ज्या यहुदी माणसाला त्याच्या परंपरेतून वजा करूनच ओळखण्याचा प्रयत्न झाला, त्याच्याबाबतीत हा विवेक विद्वत्तेच्या शिस्तीपुरता राहत नाही. ते न्यायाचे किमान मागणे ठरते.